चुंबकाची वाट

२०२५च्या जुलैअखेरीस पुण्याच्या बजाज ऑटोनं सांगून टाकलं, की ऑगस्टमध्ये इलेक्ट्रिक चेतकचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. कामगार होते, बॅटऱ्या होत्या, मागणीही होती. अडलं होतं मोटरमधल्या चुंबकांवर. चीननं ४ एप्रिलला सात दुर्मीळ मृदा धातूंवर आणि त्यांच्यापासून होणाऱ्या चुंबकांवर निर्यात परवान्याची अट घातली होती, आणि परवाने मिळत नव्हते. थोडी जुळवाजुळव करून ऑगस्टमध्येच काम पुन्हा सुरू झालं. पण हातात मावणाऱ्या चुंबकांनी आकुर्डीतल्या कारखान्याला घाम फोडला, ते का, हे शोधत मागं जावं तर वाट थेट आपल्याच किनाऱ्यावरच्या वाळूत येऊन पोहोचते.

या धातूंना ‘दुर्मीळ’ म्हणतात, ती दिशाभूल आहे. चुंबकातलं मुख्य निओडिमियम पृथ्वीच्या कवचात शिशापेक्षा जास्त आहे. अवघड आहे ते त्याला भावंडांपासून वेगळं काढणं. ही सतरा मूलद्रव्यं खनिजात एकत्र नांदतात, आणि त्यातली बहुतेक रासायनिक वागण्यात इतकी सारखी, की आम्लात एक विरघळलं की सगळीच विरघळतात.

१८८५ साली व्हिएन्नात कार्ल आउअर फॉन वेल्सबाखनं या गुंत्यातली एक गाठ सोडवली. ‘डिडिमियम’, म्हणजे जुळं, या नावानं ओळखला जाणारा पदार्थ त्यानं पुन्हा पुन्हा स्फटिक करून दोन भागांत फोडला. एकाचं नाव प्रेझिओडिमियम, हिरवा जुळा. दुसऱ्याचं निओडिमियम, नवा जुळा. नव्या जुळ्याचा तेव्हा उपयोग काहीच नव्हता. आउअरचं नाव गाजलं ते त्याच्या दुसऱ्या शोधामुळे. तो म्हणजे गॅसबत्तीचं मेंटल. लग्नाच्या वरातीत डोक्यावर बत्त्या घेतलेली माणसं चालायची, तेव्हा त्या लख्ख पांढऱ्या उजेडामागे मेंटलमधलं थोरियम असायचं. थोरियम मिळायचं मोनाझाइट वाळूतून, आणि १९०९मध्ये ती वाळू त्रावणकोरच्या किनाऱ्यावर सापडली. जहाजं भरभरून ती परदेशी गेली. मेंटलवाल्यांना हवं होतं थोरियम. त्याच वाळूतलं निओडिमियम कुणाच्या खिजगणतीत नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर आपण ही वाळू ताब्यात घेतली. १९५०मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी निघाली, दोन वर्षांत केरळात अलुवा इथं कारखाना उभा राहिला. पण होमी भाभांची नजर अणुभट्टीवर होती, म्हणजे पुन्हा थोरियमवरच. त्या काळात ते योग्यही होतं. त्या कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईत प्रभादेवीला, सिद्धिविनायकाच्या शेजारी आहे. तिथून जाताना मला दर वेळी वाटतं, चीनच्या आधी आपण या रस्त्यावर होतो.

चुंबकाचा जन्म मात्र तिसरीकडेच झाला, आणि तोही टंचाईतून. त्याआधीचे ताकदवान चुंबक समेरियम आणि कोबाल्टचे असत. १९७८मध्ये आफ्रिकेत, झैरच्या कोबाल्टच्या खाणी असलेल्या शाबा प्रांतात बंडखोर घुसले, कोबाल्टचा भाव आभाळाला भिडला आणि कोबाल्टवाचून चुंबक करता येईल का, याचा शोध सुरू झाला. जपानमध्ये मासातो सागावा यांना आपल्या कंपनीत या कामाला पाठबळ मिळेना. ते नोकरी सोडून सुमितोमोकडे गेले आणि १९८२मध्ये निओडिमियम, लोखंड आणि चिमूटभर बोरॉन यांचा चुंबक त्यांनी सिद्ध केला. तिकडे अमेरिकेत जनरल मोटर्सचे जॉन क्रोट वेगळ्या पद्धतीनं त्याच पदार्थापर्यंत पोहोचले होते. १९८३च्या नोव्हेंबरात पिट्सबर्गच्या एकाच परिषदेत दोघांनी आपापलं काम मांडलं. नव्या जुळ्याला शंभर वर्षांनी काम मिळालं.

आता चीन. इनर मंगोलियातल्या बायान ओबो डोंगरात १९२७ साली दिंग दाओहेंग या तरुण भूवैज्ञानिकाला लोखंडाचं खनिज सापडलं. पुढं बाओतोउला त्यावर पोलाद कारखाना उभा राहिला. लोखंडाबरोबर निघणाऱ्या मृदा धातूंचा साठा जगातला सर्वांत मोठा ठरला. पण साठ्यानं काय होतं? वाळू तर आपल्याकडेही होती. फरक पडला तो शू ग्वांगश्येन या माणसामुळे, आणि या सगळ्या कथेत मला सर्वांत जास्त थांबावंसं वाटतं ते त्यांच्यापाशी.

शू न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन १९५१मध्ये मायदेशी परतले. सांस्कृतिक क्रांतीत त्यांना श्रमछावणीत पाठवलं गेलं. तिथून सुटल्यावर १९७२मध्ये पेकिंग विद्यापीठात त्यांच्यासमोर आला तो आउअरचाच जुना प्रश्न: हे जुळं स्वस्तात आणि टनावारी कसं फोडायचं? तेला-पाण्यासारखे एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव एकमेकांविरुद्ध वाहते ठेवायचे. एक धातू किंचित जास्त या द्रवाकडे झुकतो, दुसरा किंचित त्या. एका टाकीत हा फरक नगण्य असतो, म्हणून टाक्यांची लांबच लांब रांग लावायची. रांग किती लांब हवी आणि कुठला द्रव किती सोडायचा, हे ठरवायला तोवर प्रयोगशाळेत नळ्या हलवत महिने घालवावे लागत. शू यांनी ते गणितात बसवलं. त्यांच्या सूत्रांवरून कागदावर आकडे मांडायचे आणि थेट कारखाना उभारायचा. ही विद्या त्यांनी मोकळ्या हातानं शिकवली, आणि पुढच्या दोन दशकांत देशभर टाक्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. भाव कोसळले. कॅलिफोर्नियातल्या माउंटन पासच्या खाणीतून सांडपाणी वाळवंटात गळत होतं, त्यात हे स्वस्त चिनी धातू. २००२मध्ये ती खाण थंडावली.

चीननं हे सगळं चोरलं, असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. शुद्धीकरणाची विद्या त्यांनी घाम गाळून कमावली, आणि चुंबकाचा एक अख्खा कारखाना तर त्यांना विकला गेला. जनरल मोटर्सनं क्रोट यांच्या शोधावर मॅग्नेक्वेंच नावाची शाखा काढली होती, इंडियानातल्या अँडरसन गावी. १९९५मध्ये ती सुमारे ७ कोटी डॉलरना एका गटाला दिली गेली, ज्यात दोन चिनी कंपन्या होत्या. अमेरिकी सरकारनं परवानगी दिली. काही वर्षांत काम तिआनजिनला गेलं आणि अँडरसनचा कारखाना बंद पडला.

किंमत चीननंही मोजली, तेही सांगायला हवं. बाओतोउजवळ खाणीचा गाळ साठून काळं तळं झालं आहे. दक्षिणेला गांझोउच्या टेकड्यांमध्ये डिस्प्रोशियम आणि टर्बियम मातीतच मिळतात; तापलेल्या मोटरमध्ये चुंबकाची ताकद टिकते ती यांच्यामुळे. ती मिळवायला टेकडीत अमोनियम सल्फेट ओततात, आणि ते खालच्या ओढ्यांत उतरतं. स्वतः शू यांनी २००५मध्ये इतर शास्त्रज्ञांसह बायान ओबोची नासाडी थांबवा, अशी सरकारला विनंती केली होती.

२०१०मध्ये सेन्काकू बेटांवरून चीन-जपानमध्ये झालेल्या वादात जपानकडे जाणारा माल अडला, तेव्हा या चुंबकाची राजकीय ताकद जगाला दिसली. जपाननं लगोलग ऑस्ट्रेलियातल्या लायनस कंपनीत पैसा घातला. आपण मात्र आपल्या वाळूतलं निओडिमियम जपानी कंपनीला पुरवण्याचा करार केला आणि चुंबक बाहेरून आणत राहिलो. २०२३च्या डिसेंबरात चीननं चुंबक बनवण्याच्या तंत्रज्ञानाची निर्यातही बंद केली. अँडरसनमध्ये जे विकत मिळालं, ते आता कुठल्याही किमतीला विकायचं नाही, असं ठरलं.

२०२५च्या नोव्हेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळानं ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, वर्षाला ६,००० टन चुंबक देशात बनवण्यासाठी. त्यात मिश्रधातू दळून केसापेक्षा कितीतरी बारीक भुकटी करावी लागेल. ही भुकटी हवा लागताच पेटते. ती चुंबकीय क्षेत्रात एका दिशेनं लावून, दाबून, हवा काढलेल्या भट्टीत हजार अंशांच्या वर भाजतात. चाळीस वर्षं ती भुकटी रोज हाताळणारे हात आज निंगबोत आहेत, गांझोउत आहेत, बाओतोउत आहेत.