पिकले, पण रुचले नाही

तंजावर प्रांती बदलून आलेल्या मराठी कुटुंबाची पहिली तक्रार बहुधा भाताविषयी असते. आंबेमोहोराचा वास नाकात साठवून आलेल्या गृहिणीच्या पुढ्यात वाणी उकडा तांदूळ टाकतो; तो शिजावयास वेळ लागतो, पाणी फार पितो, आणि वरणाशी त्याचे जमत नाही. वर्षा-दोन वर्षांनी हीच कुटुंबे परत निघतात तेव्हा सामानात येथल्या तांदळाचे एखादे पोते असतेच, हा भाग निराळा. जिभेला वळण लागावयास अवधी लागतो. परंतु तिने एकदा नाही म्हटले की शास्त्रज्ञ, सरकार आणि सावकार एकत्र झाले तरी त्यांचे फारसे चालत नाही. ह्याचा एक मोठा दाखला ह्याच जिल्ह्याने साठ-एक वर्षांपूर्वी पाहिला. तो आमच्या वाचकांपुढे मांडावा असे फार दिवस मनात होते.

तिरुवैयारु हे तंजावरच्या उत्तरेस बारा-तेरा किलोमीटरवर कावेरीकाठी वसलेले गाव. नावाचा अर्थच पंचनद. त्यागराजांच्या समाधीमुळे पौष महिन्यात सारी दक्षिण येथे लोटते आणि गाणे ऐकून परतते. गाण्याला आलेल्या माणसाने थोडे गावाबाहेर चालत जावे. दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत भातच भात आहे. जूनमध्ये मेट्टूरच्या धरणातून पाणी सुटले की कुरुवै हे साडेतीन महिन्यांचे पीक लागते. मागाहून येते ते लांब मुदतीचे सांबा. आणि कुरुवै कापून त्याच शेतात दुसरे पीक घेतले तर ते ताळडी. येथील माणसाला ऋतूंची नावे विचारली तर तो पिकांची नावे सांगेल.

येथे भाषेची एक गोष्ट ध्यानात घ्यावयाची. आपण मराठी माणसे शेतात उभे असते त्यालाही भात म्हणतो आणि पानात वाढले जाते त्यालाही भातच म्हणतो. तमिळात शेतातले ते नेल, सडलेले ते अरिसि आणि शिजलेले ते सोरु किंवा सादम. तीन अवस्थांना तीन शब्द. आम्ही जी हकीकत सांगणार आहो ती थोडक्यात अशी की, ज्यांनी नेल मोजले त्यांनी सोरुची चौकशी केली नाही.

१९६०-६१ साली फोर्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने देशातील सात जिल्ह्यांत सघन शेतीची योजना सुरू झाली. त्या सातांत तंजावर होते. बी, खत, औषध, कर्ज हे सारे शेतकऱ्याला एकाच गाठोड्यात द्यावयाचे, अशी ती कल्पना. देशाची स्थितीही तशीच होती. १९६५ आणि १९६६ ही दोन्ही वर्षे अवर्षणाची गेली, अमेरिकेचा गहू बंदरात उतरला की मग पुढच्या महिन्याची चिंता मिटे. मद्रास राज्यात तर १९६७ ची निवडणूक तांदळावरच लढली गेली. रुपयाला तीन पडी तांदूळ देऊ, हे अण्णादुराईंच्या पक्षाचे आश्वासन होते. सत्तेवर आल्यावर रुपयाला एक पडी, आणि तीही मद्रास व कोइमतूर ह्या शहरांपुरती, एवढेच साधले.

अशा वेळी, १९६६ च्या नोव्हेंबरात, फिलिपीन्समधील लॉस बान्योस येथल्या आंतरराष्ट्रीय भात-संशोधन संस्थेने आयआर-८ हे वाण प्रसृत केले. इंडोनेशियाचे उंच ‘पेटा’ आणि तैवानचे बुटके ‘डी-जिओ-वू-जेन’ ह्यांचा हा संकर. जुनी वाणे माणसाच्या छातीएवढी वाढत आणि खत घातले की लोंबीच्या भाराने आडवी होत. हे कमरेच्या खालीच थांबे, ताठ उभे राही आणि जितके खत घालावे तितके दाणे देई. जुन्या पिकाच्या दुपटीहून अधिक उतारा चांगल्या शेतात येई. वर्तमानपत्रांनी त्याला चमत्काराचा तांदूळ म्हटले, आणि शेतापुरते पाहिले तर ते खोटे नव्हते.

पण पुढे तो गिरणीत गेला. आयआर-८ चा दाणा जाड; त्याच्या पोटात खडूसारखा पांढरा डाग. असा दाणा भरडताना फुटतो, म्हणजे पोत्यामागे कणी अधिक. उकडून घेतला तर भेगा सांधल्या जातात, म्हणून उकड्याच्या गिरणीत त्याचे काही भागले. मात्र ज्याला कच्चा, पांढरा, अखंड तांदूळ हवा तो गिऱ्हाईक पहिल्या दिवशीच उठून गेला. खरी परीक्षा तर त्यापुढे, चुलीवर. तांदळात जो अमायलोज नावाचा पिष्टाचा अंश असतो तो ह्यात फार, शेकडा पंचविसांच्या वर. असा भात उतरवताना मोकळा दिसतो, गार होऊ लागला की कडक होतो.

शहरी माणूस दुपारी ऊन भात खाऊन मोकळा होतो. त्याला ह्याचे कदाचित एवढे वाटले नसते. परंतु कावेरीच्या खोऱ्यात रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी कांद्याबरोबर खाण्याची रीत आहे. शेतावर जाणाऱ्याची न्याहारी तीच. गार झाल्यावर कडक होणारा तांदूळ ह्या लोकांच्या गळी उतरणे कठीणच, असा आमचा तर्क आहे. कोणत्या प्रयोगक्षेत्रावर शिळ्या भाताची चव पाहिली जाते?

बाजाराने आपला निर्णय भावाने कळवला. दक्षिणेत आयआर-८ जुन्या बारीक तांदळाच्या खालच्या दराने विकला जाऊ लागला आणि घरी खाण्यासाठी शेतकरी आपल्या जुन्या वाणाचा तुकडा राखू लागला. विकावयाचा एक, खावयाचा दुसरा! आमच्या मते नव्या मालाविषयीचे ह्याहून स्पष्ट मत दुसरे असू शकत नाही.

पण हा नकार सर्वांच्या हाती नव्हता, हेही लिहिले पाहिजे. त्या काळी तंजावर जिल्ह्यातील मजुराला मजुरी बहुतांशी धान्यात मिळे. मालक मापून देईल ते नेल, आणि त्याचे सोरु. पसंत-नापसंतीचा प्रश्न बाजारात पैसे घेऊन जाणाराचा. मापाशी उभा असलेला मनुष्य फक्त माप किती हे विचारू शकत होता, आणि तेवढे विचारणेही महाग पडले. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री जिल्ह्याच्या पूर्व भागातील कीळवेण्मणि गावात मजुरीच्या वादातून चव्वेचाळीस दलित माणसे एका झोपडीत जाळली गेली. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. भाताच्या वाढत्या राशींच्या त्या वर्षांचा इतिहास ही रात्र वगळून लिहिता येत नाही.

ह्या संदर्भात आपल्या सरफोजीराजांचे स्मरण होते. रामेश्वरच्या वाटेवर भोसल्यांनी छत्रे बांधली होती. १८०१ साली कंपनीच्या रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात सरफोजींनी तेथील व्यवस्था सांगितली आहे. ब्राह्मणापासून परैयापर्यंत येणाऱ्या प्रत्येक वाटसरूस शिजलेला भात मिळे. आणि शिजलेला नको असेल त्यास कोरडा शिधा, मसाल्यासह. जातिभेद पाळणाऱ्या त्या काळाची ती सोय होती, हे आम्ही विसरत नाही. तरी फुकट जेवणाऱ्यालाही ‘हे नको, ते द्या’ म्हणण्याची जागा ठेवलेली होती. आमच्यापैकी ज्यांनी १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील रेशनच्या दुकानापुढे उभे राहून अमेरिकेचा तांबडा मिलो घरी नेला, त्यांना त्या जागेची किंमत कळेल. मिलोच्या भाकरीने माणसे जगली, आणि तिला नावे ठेवीतच जगली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

तंजावरात शेतकऱ्याने साठीच्या दशकात ज्याला खरोखर जवळ केले ते आयआर-८ नव्हते. कुंभकोणमजवळच्या आडुतुरै येथील केंद्राचे एडीटी-२७ होते. जपानचे ‘नोरिन-१०’ आणि कोइमतूरचे ‘जीईबी-२४’ ह्यांचा तो संकर. मुदत कमी, म्हणून कुरुवैच्या हंगामात चपखल बसला. त्यातील ‘जीईबी-२४’ हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. १९२१ साली निवडलेला हा बारीक, रुचकर तांदूळ. नाव मात्र कचेरीचे: सरकारी आर्थिक वनस्पतिशास्त्रज्ञ ह्या पदाची इंग्रजी आद्याक्षरे आणि पुढे क्रमांक! त्याच्या वंशात ‘टीकेएम-६’ झाले. शास्त्रज्ञांनी गिऱ्हाइकाचे म्हणणे अखेर ऐकले तेव्हा ह्याच टीकेएम-६ कडे ते वळले. त्यापासून १९६९ साली आयआर-२० निघाले आणि तमिळ मुलखात आयआर-८ ची जागा त्याने घेतली. त्याच टीकेएम-६ चा आयआर-८ शी संकर होऊन पुढच्याच वर्षी ‘रत्ना’ आले. कोकणातल्या वाचकांच्या घरी ‘रत्ना’ शिजला असेल. त्याचे आजोळ-पणजोळ कोइमतूरला आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसावे.

आयआर-८ ला आम्ही कुचकामाचे म्हणत नाही. बुटक्या, ताठ भाताची जी जात आज आशियाभर उभी आहे तिचे मूळ बव्हंशी तेथेच आहे, आणि त्या टंचाईच्या वर्षांत त्याने पोटे भरली. जाड उकड्या तांदळाला इडलीच्या पिठात मानाची जागा असते, तीही खरी. फसले ते एवढेच की ते पानात वाढले गेले.

आज तिरुवैयारुच्या बाजारपेठेत भातासाठी तांदूळ मागितला तर दुकानदार बहुधा पोन्नी पुढे करतो. मलायातील ‘महसूरी’ हे तिचे मूळ. कटकला पन्नाशीत सुरू झालेल्या ज्या संकरकार्यातून एडीटी-२७ निघाले त्याच कार्याचे ते दुसरे अपत्य. १९८६ साली कोइमतूरच्या कृषी विद्यापीठाने तिची सुधारलेली पांढरी जात दिली. पोन्नी उंच वाढते, वाऱ्यापावसात लोळते, आयआर-८ इतका उतारा देत नाही. तरी शेतकरी ती लावतो, कारण तिला भाव मिळतो. आणि ह्या वेळी नाव ठेवताना आद्याक्षरे व क्रमांक कोणी शोधले नाहीत. पोन्नी हे कावेरीचेच जुने तमिळ नाव आहे.