कडुलिंबाचं तेल, रिठ्याचं पाणी आणि आपला खारपाणपट्टा

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवला: कडुलिंबाचं पेटंट अमेरिकेनं पळवलं होतं, ते खरं का? थोडं खरं आहे. पण त्या गोष्टीत एक छोटा आकडा आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. आजचा भाग त्याच आकड्यावर. माझं गाव तेल्हारा, नावातच तेल. म्हणजे तेलावर बोलायचा हक्क आपल्याला आहेच.

झालं असं. अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी, या दोघांनी मिळून युरोपात अर्ज केला आणि १९९४ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. ते झाडावर नव्हतं, पानावरची बुरशी मारायच्या पद्धतीवर होतं. दावा साधारण असा: ०.१ ते १० टक्के कडुलिंबाचं तेल, ०.००५ ते ५ टक्के इमल्सिफायर आणि ९९ टक्क्यांपर्यंत पाणी. १९९५ मध्ये वंदना शिवा, युरोपियन संसदेतल्या मागदा आल्वूट आणि सेंद्रिय शेतीवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आयफोम यांनी त्याविरुद्ध हरकत घेतली. मे २००० मध्ये म्युनिकला पेटंट रद्द झालं. मार्च २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं.

व्हॉट्सॲपवर ही गोष्ट "आपल्या ऋषीमुनींचं ज्ञान जिंकलं" अशी फिरते. मला ती अर्धवट वाटते. सुनावणीत वजन पडलं ते पुण्याच्या अभय फडके यांच्या साक्षीला. त्यांच्या कंपनीनं १९८५ आणि १९८६ मध्ये पुणे-सांगली भागातल्या शेतांत कडुलिंबाच्या अर्काच्या चाचण्या घेतल्या होत्या, म्हणजे पेटंटच्या अर्जाच्या कितीतरी आधी. पोथीपेक्षा शेतातली चाचणी कामी आली. आमच्या भाषेत सांगायचं तर जुना कमिट सापडला, तारखेसकट.

आता तो छोटा आकडा: ०.००५ ते ५ टक्के इमल्सिफायर. म्हणजे तेल आणि पाणी यांची गाठ मारणारा पदार्थ. सॉफ्टवेअरवाल्यांनी मिडलवेअर समजा.

तो नसेल तर काय होतं? तेल पाण्यापेक्षा हलकं. टाकीत ढवळून ओतलं तरी थोड्या वेळात वर तरंगतं. पंप पाणी ओढतो तळातून. म्हणजे पहिल्या ओळींना नुसतं पाणी, आणि टाकी संपत आली की शेवटच्या ओळींना नुसतं तेल. तिथली पानं करपतात, बाकी शेतात किडीला काही होत नाही, आणि शेतकरी म्हणतो, "कडुलिंबात दम नाही भाऊ." दोष झाडाचा नव्हे, मिश्रणाचा. मग माणूस परत जहाल औषधाकडे वळतो. ते किती महाग पडतं हे आपण २०१७ मध्ये यवतमाळात पाहिलं आहे. कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन त्या हंगामात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले.

हा झगडा कडुलिंबापेक्षा जुना आहे. १८८० च्या दशकात अमेरिकेत फ्लोरिडाच्या संत्राबागांत किडीसाठी रॉकेल वापरायचे. नुसतं रॉकेल मारलं की झाड जळायचं. मग रायली आणि हबर्ड या कीटकशास्त्रज्ञांनी कृती बसवली: दोन गॅलन रॉकेल, एक गॅलन पाणी, अर्धा पौंड साबण. साबण गरम पाण्यात विरघळवायचा, त्यात रॉकेल घालून साईसारखं घट्ट होईपर्यंत घुसळायचं, आणि मगच पाणी वाढवायचं. क्रम महत्त्वाचा. सगळा साबण आधी थोड्या पाण्यात असला की थेंब बारीक होतात आणि प्रत्येकाला साबणाचं कवच मिळतं. थेंबाचा व्यास निम्मा झाला की त्याचा वर यायचा वेग चौथाई होतो. १९०५ मध्ये बिहारात पुसा इथं कृषी संशोधन संस्था निघाली. तिथले कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय यांच्या पुस्तकांतून हीच तेल-साबणाची फवारणी हिंदुस्थानात शिकवली गेली.

पण त्या कृतीत एक अट होती: पाणी मऊ हवं, शक्यतो पावसाचं.

इथं आपला वऱ्हाड येतो. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला, बुलडाण्यातून जो खारपाणपट्टा जातो, त्यात आमच्या तालुक्याचाही भाग आहे. सातपुड्याच्या पायथ्याला पाणी गोड, खाली पूर्णेकडे गेलं की खारं. अशा विहिरीवर आंघोळ केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही की साबणाला फेस येत नाही. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतं, पांढरा चोथा होतो, साबण फाटतो. साबण फाटला की तेल मोकळं. आज निंबोळी अर्काची सरकारी शिफारस काय? पाच किलो निंबोळी चुरा, २०० ग्रॅम साबण चुरा, एकूण १०० लिटर द्रावण. चांगली शिफारस आहे. पण विहीर कोणती ते त्यात लिहिलेलं नाही.

आता रिठा. या झाडाचं शास्त्रीय नाव सॅपिंडस, म्हणजे 'हिंदुस्थानी साबण'. फळाच्या गरात सॅपोनिन असतं. त्याच्या रेणूचा एक भाग तेलाकडे ओढ घेतो, आणि त्याला लागलेली साखरेची साखळी पाण्याकडे. कॅल्शियम त्याला साबणासारखं पकडून तळाला बसवत नाही, म्हणून कठीण पाण्यातही फेस टिकतो. शिवाय थेंबाभोवती त्याचा जो पापुद्रा बनतो तो नुसता निसरडा नसतो, थोडा चिवट असतो. थेंब एकमेकांत सहज मिसळत नाहीत. लोकरी शाल आणि रेशमी साडी रिठ्यानं धुणाऱ्या आजीला सॅपोनिन शब्द माहीत नव्हता, पण धाग्याला काय सोसतं ते माहीत होतं. आपल्या रानातल्या हिंगणबेटाच्याही गरात सॅपोनिन असतं.

मग कंपन्या रिठा का वापरत नाहीत? कारण साधं आहे. एका झाडाचा रिठा दुसऱ्यासारखा नसतो, काढा दोन-तीन दिवसांत आंबतो, आणि कारखान्याला वर्षभर शेल्फवर टिकणारी बाटली हवी असते. तिथं कृत्रिम इमल्सिफायरच बरा. पण रात्री भिजवून सकाळी फवारणाऱ्याला वर्षभर टिकवायचंच नाही. दुपारपर्यंत टिकलं तरी काम झालं. माझ्या मते रिठ्याचा हिशोब आपण चुकीच्या मोजपट्टीनं केला.

करून पाहायचं असेल तर आधी बाटलीतच करा. आठ-दहा रिठे, बिया काढून, पेलाभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी उकळून गाळा. त्या घट्ट पाण्यात कडुलिंबाचं तेल थेंब-थेंब सोडत रवीनं घुसळा. दुधासारखं झालं की विहिरीचं पाणी वाढवा. शेजारी दुसऱ्या बाटलीत साबणाचं करा आणि मोबाईलवर टायमर लावा. थंडीत तेल थिजतं, ते आधी कोमट करून घ्या. शेतात नेण्याआधी चार पानांवर संध्याकाळी मारून दोन दिवस थांबा. डोळे सांभाळा, रिठा झोंबतो. आणि पंप नाल्यात धुऊ नका. सॅपोनिननं मासे मरतात, काही ठिकाणी मासे गुंगवायला रिठा टाकतच असत.

मग पाठवा व्हॉइस नोट: गाव कोणतं, पाणी विहिरीचं, बोअरचं की वान धरणाच्या नळाचं, आणि दोन्ही बाटल्यांत तेल किती मिनिटांनी वर आलं. पुढच्या भागात ते आकडे घेऊनच बसू.