अस्थानीं रुजलेला गर्भ

मेहरूण म्हटलें कीं खानदेशांत प्रथम आठवतात तीं तेथील बोरें आणि तलाव. जळगांव वाढत गेलें आणि मेहरूण त्या शहराचाच भाग झालें. धुळ्यास सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आधीं निघालें, जळगांवास २०१८ मध्यें. शस्त्रक्रियागृह आणि रक्तपेढी किती दूर आहे यावर ज्या व्याधींत स्त्रीचे प्राण अवलंबून असतात, त्यांपैकीं अस्थानी गर्भधारणा ही एक होय.

शंभर गर्भधारणांत एकदोन वेळां गर्भ गर्भाशयांत न पोंचतां बहुधा बीजवाहिनींतच रुजतो. ती अरुंद नळी थोड्याच आठवड्यांत फुटूं शकते, आणि रक्त बाहेर फारसें न दिसतां पोटांत सांचतें. इ. स. १००० च्या सुमारास अंदलुसियांतील अल् झहरावी यानें अशा गर्भाची हकीगत लिहून ठेविली. तथापि पुढें शतकानुशतकें वैद्य हताशच राहिले. बर्मिंगहॅमच्या लॉसन टेट यानेंहि एकदां शस्त्रक्रिया नाकारली होती. ती स्त्री मरण पावली. शवविच्छेदनांत दिसलें कीं, फुटलेली नलिका बांधली असती तर रक्त थांबलें असतें. १८८३ सालीं त्यानें तसें करून एका स्त्रीस वांचविलें. १९१४ मध्यें जर्मनींत थीस यानें पोटांत सांचलेलें रक्त गाळून त्याच रुग्णेस परत दिलें. रक्त दुर्मिळ असेल तेथें ही युक्ति अजूनहि उपयोगी पडते.

निदानाचें काय? पाळी चुकणें, ओटीपोटांत एका बाजूस दुखणें, थोडा रक्तस्राव, घेरी, ही लक्षणें खेड्यांतील परिचारिकेसहि संशय येण्यास पुरेशीं आहेत. लघवीच्या परीक्षेनें गर्भधारणा कळते. गर्भ गर्भाशयांत आहे कीं नाहीं, हें सोनोग्राफी दाखविते. यंत्र नसे तेथें योनिमार्गाच्या मागील बाजूनें सुई घालीत. न गोठणारें रक्त निघालें कीं पोटांतील रक्तस्राव ओळखतां येई. १९८२ मध्यें जपानांतून मेथोट्रेक्सेटच्या उपचाराची वार्ता आली. परंतु त्यास नळी शाबूत असावी लागते आणि रक्ततपासणीसाठीं वारंवार यावें लागतें. दूरच्या खेड्यांतील स्त्रीस तें सोपें नाहीं.

नळीवर व्रण राहतात ते पुष्कळदां जननमार्गाच्या जुन्या जंतुदोषानें. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गडचिरोलींतील दोन खेड्यांत ६५० स्त्रिया तपासल्याचा अहवाल १९८९ मध्यें प्रसिद्ध केला. ९२ टक्क्यांस कांहीं ना कांहीं स्त्रीरोग होता. पूर्वीं तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. टेटची शस्त्रक्रिया होऊन तेव्हां शंभर वर्षें उलटलीं होतीं. विद्या जुनी झाली, तरी वाट मात्र लांबच राहिली. पाळी चुकलेल्या स्त्रीचें पोट दुखूं लागलें कीं ती वाट त्याच दिवशीं धरावी, हाच या इतिहासाचा बोध होय.