बोधचिन्हाची ‘प्रगती’ : एक खंडन

चित्रपट कंपन्यांच्या बोधचिन्हांबद्दल एक समजूत चांगलीच मुरलेली आहे. बोधचिन्ह म्हणजे मुळात एक चित्र, आणि काळ पुढे सरकतो तसं ते अधिकाधिक सफाईदार, भव्य होत जातं. आधी हातानं रंगवलेलं, मग रंगीत, मग संगणकावर घडवलेलं. जुनी रूपं म्हणजे आजच्या रूपाची कच्ची तयारी. या मताचा भक्कम पुरावा म्हणून ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या बोधचिन्हाकडे सहज बोट दाखवता येतं. म्हणून त्याच पुराव्यावर हे मत घासून पाहू.

पूर्वपक्षाचं बळ आधी मान्य करायला हवं. १९९४ साली हे बोधचिन्ह संगणकावर नव्यानं घडवलं गेलं. तोवर एका जागी खिळलेला कॅमेरा त्या उत्तुंग अक्षरांभोवती फिरू लागला आणि मागे लॉस एंजेलिसचा विस्तार दिसू लागला. काचेवर रंगवलेल्या चित्राला हे कधीच साधलं नसतं. एवढ्यापुरतं ‘प्रगती’ म्हणायला हरकत नाही. पण बाकीचा इतिहास या मताला साथ देत नाही.

या चिन्हाचा जन्मच पाहा. १९३३ मध्ये जोसेफ शेंक आणि डॅरिल झॅनक यांनी ट्वेंटिएथ सेंच्युरी पिक्चर्स काढली. तिच्यासाठी धाकट्या एमिल कोसा यांनी झोतदिव्यांच्या उजेडातली ती अजस्र अक्षरं रंगवली आणि आल्फ्रेड न्यूमन यांनी ढोल-तुताऱ्यांची ललकारी रचली. १९३५ मध्ये ही कंपनी फॉक्स फिल्ममध्ये विलीन झाली. तेव्हा चित्रातले ‘पिक्चर्स’ आणि ‘इन्कॉर्पोरेटेड’ हे शब्द काढून तिथे ‘फॉक्स’ बसवलं गेलं. बाकी सगळं तसंच राहिलं. जगभर पोहोचलेलं हे रूप असं एका व्यवहारातून आलं. चित्रकाराची दृष्टी दोन वर्षांत प्रगल्भ झाली, असं काही घडलं नव्हतं.

दुसरा मोठा बदल १९५३चा. अमेरिकेत दूरचित्रवाणीनं प्रेक्षक घरी बसवला होता. त्याला थिएटरात परत आणण्यासाठी फॉक्सनं सिनेमास्कोप हे रुंद पडद्याचं तंत्र आणलं. ‘द रोब’ हा त्यातला पहिला चित्रपट. पूर्वीच्या पडद्याची रुंदी उंचीच्या सुमारे १.३७ पट असे, ती आता २.५५ पट झाली. जुनं चित्र या पडद्यावर पुरेना. रॉकी लाँगो या कलाकारानं ते नव्यानं रंगवलं आणि रुंदी भरून काढण्यासाठी ‘२०’ मधलं शून्य तिरकं केलं. हे तिरकं शून्य नीट न्याहाळण्यासारखं आहे. सौंदर्याच्या दृष्टीनं ते विचित्रच दिसतं. शेजारचा आकडा ताठ उभा आणि हे कलंडलेलं. पण पडद्याची गरज त्यात स्वच्छ वाचता येते. पुढे १९८१ मध्ये लाँगो यांनीच काचेचे थर पुन्हा रंगवले आणि शून्य परत सरळ केलं. म्हणजे चित्र एकदा एका दिशेला गेलं आणि गरज संपल्यावर मागे फिरलं. याला उत्क्रांती म्हणता येईल, प्रगती नाही.

न्यूमन यांनाही सिनेमास्कोपसाठी ललकारी लांबवावी लागली, कारण बोधचिन्हानंतर ‘सिनेमास्कोप’ ही पाटी दाखवायची होती. तेवढा वेळ भरायला त्यांनी व्हायोलिनांची चढत जाणारी सुरावट जोडली. कामापुरता जोडलेला हा तुकडा पुढे मूळ ललकारीइतकाच ओळखीचा झाला. १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’साठी जॉर्ज लुकास यांनी हीच सिनेमास्कोपची ललकारी मुद्दाम मागून घेतली. जॉन विल्यम्स यांची सुरुवातीची धूनही त्याच बी फ्लॅट मेजर या स्वरपट्टीत आहे, त्यामुळे कंपनीची ललकारी आणि चित्रपटाचं संगीत एकमेकांत मिसळून जातं. त्या काळातल्या सर्वांत नव्या धाटणीच्या चित्रपटाला दोन दशकांहून जुना आवाज हवासा वाटला, याचं उत्तर प्रगतीच्या सिद्धान्ताकडे नाही.

थोडक्यात, बोधचिन्हाची ओळख चित्राइतकीच आवाजातही असते. यावर कुणी म्हणेल, पॅरामाउंटचा डोंगर ठरावीक ललकारीशिवायही ओळखू येतोच की. आक्षेप रास्त आहे. प्रत्येक बोधचिन्ह आवाजावरच जगतं, असं माझं म्हणणं नाही. पण पॅरामाउंटचा डोंगरही १९५४ मध्ये नव्यानं रुंद झाला, तो व्हिस्टाव्हिजन या रुंद पडद्याच्या तंत्रामुळे. बदलाचं कारण बाहेरून येतं हा नियम तिथेही लागू पडतो. आणि जिथे आवाज जोडीला असतो, तिथे चित्रापेक्षा तोच अधिक टिकतो. एमजीएमनं साठच्या दशकात जिवंत सिंह बाजूला सारून रेखीव, स्थिर सिंह आणला. आधुनिक अभिरुचीच्या कसोटीवर तो उजवाच ठरेल. तरी मोजक्या चित्रपटांनंतर तो गेला आणि डरकाळी फोडणारा सिंह परतला. आपल्याकडे प्रभातची तुतारी फुंकणारी स्त्री आठवून पाहावी. तिच्या आकृतीइतकाच तुतारीचा सूरही मनात उमटतो.

निर्णायक पुरावा अगदी अलीकडचा आहे. २०१९ मध्ये डिस्नेनं हा स्टुडिओ विकत घेतला. ‘फॉक्स’ या नावाची दूरचित्रवाणी आणि बातम्यांची कंपनी मात्र आधीच्या मालकांकडे, म्हणजे मर्डॉक कुटुंबाकडेच राहिली. २०२० मध्ये बोधचिन्हातून ‘फॉक्स’ गेलं, ‘स्टुडिओज’ आलं. बोधचिन्ह म्हणजे चित्र आणि अक्षरं एवढंच असतं, तर नावच पुसल्यावर ओळखही पुसली जायला हवी होती. तसं झालं नाही. झोतदिवे हलतात, ढोल वाजू लागतात आणि पुढचं अक्षर वाचायच्या आत प्रेक्षकाला कळतं की हे तेच.

तेव्हा सिद्धान्त असा : बोधचिन्ह बदलतं ते मालकी, पडदा आणि यंत्र बदलतं म्हणून; आणि आवाज जोडीला असेल, तर त्याची ओळख टिकते ती आवाजात. या वादाला व्यवहारातही मोल आहे. जुने चित्रपट पुन्हा प्रकाशित करताना मूळ बोधचिन्ह कापून तिथे आजचं चिकटवण्याची वाईट प्रथा आहे. नवं ते चांगलं असं मानलं की यात गैर काही वाटत नाही. पण १९५० च्या दशकातल्या चित्रपटावरचं तिरकं शून्य सांगतं की हा रुंद पडद्यासाठी, दूरचित्रवाणीशी झुंजताना काढलेला चित्रपट आहे. ते काढून टाकणं म्हणजे ग्रंथाचं पहिलं पान फाडून त्या जागी नव्या प्रकाशकाची जाहिरात लावणं. जुना चित्रपट जपायचा असेल, तर त्याच्या पहिल्या काही सेकंदांसकट जपला पाहिजे, आणि ही जबाबदारी संग्रहालयांइतकीच चित्रपट पुन्हा विकणाऱ्या कंपन्यांचीही आहे.