सुट्टी कोणी द्यायची?

पावसामुळे शाळेला सुट्टी मिळाली की आपल्याकडची मुलं आनंदानं ओरडत घरी येतात. अमेरिकेच्या थंड भागात हा आनंद बर्फामुळे मिळतो. बर्फ पडण्याची चिन्हं दिसली की तिथली मुलं रात्रीचे कपडे उलटे घालून झोपतात, उशीखाली चमचा ठेवतात. असं केलं की सकाळी 'स्नो डे'ची सुट्टी मिळते, अशी त्यांची गमतीची समजूत. पण या सुट्टीचं मोल कळायला १८८८ सालापर्यंत मागं जावं लागतं.

नेब्रास्का आणि तेव्हाचा डाकोटा प्रदेश म्हणजे नजर पोचेल तिथवर गवताळ माळरान. १८६२च्या कायद्यानं जमीन मिळते म्हणून आलेली शेतकरी कुटुंबं तिथं विखरून राहत. त्यांना एकत्र आणणारी जागा म्हणजे एका खोलीची शाळा. लहानमोठी सगळी मुलं एकाच शेगडीभोवती बसून शिकत. त्याच खोलीत प्रार्थना होई, गावच्या बैठका होत, कधी मतदानही होई. शिकवणारी बहुधा अठरा-वीस वर्षांची मुलगी. ती जवळच्या एखाद्या कुटुंबाकडे राहायला असे.

१२ जानेवारी १८८८ची सकाळ उबदार होती. कडाक्याच्या थंडीनंतर मिळालेल्या त्या उबेमुळे कित्येक मुलं जाड कोट न घालताच शाळेत आली. मग एकाएकी उत्तरेकडून वारा सुटला. पिठासारखा बारीक बर्फ उडू लागला आणि हातभर अंतरावरचं दिसेना. अनेक ठिकाणी ती शाळा सुटायची वेळ होती. या वादळात सुमारे २३५ माणसं दगावली असा अंदाज आहे. त्यांत घराकडे निघालेली मुलं इतकी होती, की इतिहासात ते 'शाळकरी मुलांचं हिमवादळ' म्हणूनच ओळखलं जातं.

हवामानाचा अंदाज तेव्हा सैन्याचा सिग्नल विभाग देत असे. इशारा तारेनं शहरांत पोचे. माळावरच्या शाळेत तार कुठली? मुलांना थांबवायचं की घेऊन निघायचं, हे त्या एकट्या शिक्षिकेला ठरवावं लागे.

मिनी फ्रीमन ही अशीच एक तरुण शिक्षिका. वाऱ्यानं शाळेचं छप्पर उडालं, तेव्हा ती मुलांना घेऊन निघाली आणि सगळ्यांना सुखरूप एका शेतघरी पोचवलं. तिनं मुलांना दोरीनं एकत्र बांधलं होतं म्हणतात. त्या दोरीवरून पुढे वाद झाला, पण वर्तमानपत्रांनी तिला डोक्यावर घेतलं, तिच्यावर गाणं रचलं गेलं.

त्याच दिवशी प्लेनव्ह्यू गावाजवळ लॉइस रॉइस ही शिक्षिकाही निघाली. तिच्या शाळेतलं जळण संपलं होतं. सोबत तीन मुलं होती आणि घर दोनशे यार्डांच्या आत. पण वाट सापडली नाही. तिन्ही मुलं रात्रीच्या थंडीत गेली. ती वाचली, मात्र तिचे दोन्ही पाय कापावे लागले.

दोघींनी घेतलेला निर्णय एकच होता, बाहेर पडण्याचा. एकीच्या वाट्याला गाणं आलं, दुसरीच्या वाट्याला जन्माचं दुःख. लॉइस कमी शूर होती, असं कोण म्हणेल? ज्या प्रश्नाचं उत्तर अख्ख्या समाजानं द्यायचं, तो प्रश्न एका कोवळ्या मुलीवर सोपवला गेला होता.

पुढे रस्ते आले, स्कूलबस आल्या, रेडिओ आला. शिक्षणाधिकारी पहाटे उठून रस्त्यांची खबर घेऊ लागले. बंद शाळांची यादी स्थानिक रेडिओवर वाचली जाऊ लागली आणि मुलं आपल्या शाळेच्या नावाकडे कान लावून बसू लागली. वाट चुकण्याआधीच निर्णय होऊ लागला.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कितीतरी मुलं शाळांमध्ये आणि बसमध्ये अडकली. मुलांना घेऊन शाळेतच रात्र काढणारे शिक्षक अनेकांना आठवत असतील. आता जोरदार पावसाचा इशारा आला की जिल्हाधिकारी आधीच सुट्टी जाहीर करतात. कधी नेमकं त्याच दिवशी लख्ख ऊन पडतं आणि आपण हसतो. हसायला हरकत नाही. पण १२ जानेवारीची ती सकाळही अशीच छान होती, एवढं लक्षात ठेवावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)