चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

जुलाब म्हणजे काय, हे वर्गातल्या कोणत्याही मुलाला विचारा; ते लाजत-हसत सांगेल. पण जुलाबाने माणूस मरतो तो कशामुळे, असे विचारले तर मोठी माणसेही गोंधळतात. अशक्तपणामुळे, जंतूंमुळे, पोटात विष झाल्यामुळे अशी उत्तरे येतात. खरे उत्तर साधे आहे. शरीरातले पाणी आणि क्षार भराभर निघून जातात, रक्त घट्ट होते, नाडी लागेनाशी होते, मूत्रपिंडे काम थांबवतात आणि माणूस दगावतो. जंतू कोणताही असो, शेवट बहुधा याच वाटेने होतो.

हे उत्तर १८३१ मध्येच हाती आले होते. त्यावरचा घरगुती म्हणावा इतका स्वस्त उपाय सर्वत्र पोहोचायला मात्र त्यानंतर दीडशे वर्षे लागली. ती कशात गेली, हे पाहण्यासारखे आहे.

१८१७ मध्ये बंगालमधील जेसोर येथे कॉलऱ्याची मोठी साथ उसळली आणि सैन्य, व्यापारी, यात्रेकरू यांच्याबरोबर जगभर पसरत गेली. आपल्याकडे तिला पटकी म्हणत. मरीआईचा कोप मानून गावकरी मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडत. तो पुढच्या गावाने आणखी पुढे ढकलायचा! १८३१ च्या अखेरीस ही साथ इंग्लंडमध्ये पोहोचली. तेथे विल्यम ओ’शॉनेसी या नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या तरुण डॉक्टरने रुग्णांचे रक्त रासायनिक रीतीने तपासले. रक्तातले पाणी आणि क्षार खूप कमी झालेले होते आणि रुग्णाच्या शौचात नेमके तेच सापडत होते. म्हणजे जे गेले ते परत द्यायला हवे, असे त्याने सुचवले. (हाच ओ’शॉनेसी पुढे भारतात आला आणि त्याने येथे तारायंत्राचे जाळे उभारले.)

१८३२ मध्ये स्कॉटलंडमधील लीथ येथे टॉमस लाट्टा या डॉक्टरने ती सूचना अमलात आणली. मरणाच्या दारात असलेल्या एका वृद्धेच्या शिरेत त्याने मिठाचे पाणी सोडायला सुरुवात केली. अर्ध्या तासात सुमारे साडेतीन लिटर पाणी आत गेले. खोल गेलेले डोळे वर आले, नाडी लागली आणि बाई स्पष्ट आवाजात बोलू लागली. समाधानाने तिला दुसऱ्या डॉक्टरच्या हवाली करून लाट्टा निघून गेला. जुलाब आणि उलट्या पुन्हा सुरू झाल्या, पाणी पुन्हा कोणी दिले नाही आणि साडेपाच तासांत ती गेली. पुढे त्याचे काही रुग्ण वाचले, परंतु १८३३ मध्ये लाट्टाच वारला. त्या काळी निर्जंतुक पाणी म्हणजे काय हे कोणाला माहीत नव्हते, आणि हा प्रयोग बहुधा आशा सोडलेल्या रुग्णांवरच होई. पद्धत मागे पडली. डॉक्टर पुन्हा रक्त काढण्याकडे वळले. आधीच रक्त घट्ट झालेल्या माणसाचे उरलेले रक्तही काढायचे, असा हा उपचार होता!

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्यात लेनर्ड रॉजर्स याने शिरेतून क्षारपाणी देण्याची पद्धत सुधारली आणि मृत्यू बरेच घटले. आज आपण ज्याला ‘सलाईन’ म्हणतो त्याची ही पूर्वपीठिका. पण सलाईनला निर्जंतुक बाटल्या, सुया, खाटा आणि प्रशिक्षित माणसे लागतात. पटकी नेमकी जेथे यातले काही नसते तेथे येते.

मग हेच पाणी तोंडाने का देऊ नये? दिले जात होते, पण नुसते मिठाचे पाणी जसेच्या तसे बाहेर पडे. आतड्याचे अस्तरच सोलून निघते, त्यामुळे ते काही शोषू शकत नाही, असा डॉक्टरांचा पक्का समज होता. आतड्याला विश्रांती म्हणून रुग्णाला उपाशी ठेवण्याची चालही यातूनच बळावली.

हा समज ज्यांच्या कामामुळे ढासळला, त्यांतले पहिले नाव शंभुनाथ डे यांचे घ्यायला हवे. १९५९ मध्ये कोलकात्यात त्यांनी कॉलऱ्याचे जंतू वाढवलेला द्रव गाळून जंतू पूर्णपणे काढून टाकले आणि उरलेला द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात सोडला. जंतू नसतानाही आतडे पाण्याने टम्म फुगले. म्हणजे जंतू आतडे कुरतडत नाहीत. ते एक विष सोडतात आणि त्या विषामुळे आतड्याच्या पेशी पाणी बाहेर टाकू लागतात. एवढा मोठा शोध लावणाऱ्या या माणसाला हयातीत आपल्या देशाने फारसे ओळखले नाही. १९६० च्या सुमारास बँकॉकमध्ये रुग्णांच्या आतड्यांचे बारीक नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले. अस्तर शाबूत होते.

याच सुमारास कॉलऱ्याशी काही संबंध नसलेल्या प्रयोगशाळेत आणखी एक धागा सापडला. निरोगी माणसाच्या आतड्यात रोज आठ-नऊ लिटर द्रव येतो. त्यात प्यायलेले पाणी जेमतेम दोन लिटर. बाकी लाळ आणि पाचकरस. यातला पाव लिटरसुद्धा शौचावाटे बाहेर पडत नाही, बाकी सगळा परत शोषला जातो. पाण्याला स्वतःचा पंप नसतो. क्षार जिकडे जातात तिकडे ते मागोमाग जाते. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन याने मांडले की आतड्याच्या पेशीत शिरताना ग्लुकोज आणि सोडियम एकाच वाहकाच्या साहाय्याने, जोडीने आत जातात. कॉलऱ्याच्या विषाने मिठाचे एक नेहमीचे दार बंद पडते, पण साखरेच्या सोबतीने उघडणारे हे दुसरे दार चालूच राहते. म्हणून नुसते मीठ बाहेर पडते, आणि मीठ-साखर मिळून दिली की दोन्ही आत जातात व पाण्याला ओढून नेतात.

कागदावर सोपे वाटणारे हे तत्त्व खाटेपर्यंत नेणे सोपे नव्हते. १९६२ मध्ये मनिला येथे रॉबर्ट फिलिप्स याने साखर-मिठाचे द्रावण दिले, तेव्हा त्याचे प्रमाण जास्त तीव्र झाले आणि काही रुग्ण दगावले. द्रावण फार गोड किंवा खारट झाले तर आतड्यात पाणी शोषले जाण्याऐवजी उलट शरीरातूनच ओढले जाते. १९६८ मध्ये ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण डॉक्टरांनी नेटकी पद्धत बसवली. मधोमध भोक असलेल्या खाटेखाली बादली ठेवायची, जेवढा द्रव बाहेर पडला तेवढा मोजायचा आणि तेवढेच द्रावण पाजायचे. लीथच्या त्या वृद्धेला जे मिळाले नव्हते ते हेच. सलाईनची गरज यामुळे बहुतांश कमी झाली. कोलकात्यातही त्याच सुमारास असेच निष्कर्ष निघाले. तरीही हे सारे रुग्णालयात, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर घडत होते.

१९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमधल्या बोनगावच्या छोट्या रुग्णालयात कॉलऱ्याचे रुग्ण भरू लागले. हा भाग फाळणीपूर्वी जेसोर जिल्ह्यातच होता. म्हणजे १८१७ च्या साथीचीच भूमी. जूनअखेर डॉ. दिलीप महालनोबीस तेथे पोहोचले. खाटा सोळा, रुग्ण जमिनीवर, स्वतःच्या उलट्या-जुलाबांत पडलेले. त्यातच गुडघे टेकून डॉक्टर सलाईन लावत होते, आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. महालनोबीस यांनी निर्णय घेतला. कोलकात्याला मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज तोलून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरले गेले. एका लिटरला ग्लुकोज २२ ग्रॅम, मीठ ३.५ ग्रॅम, सोडा २.५ ग्रॅम, खर्च ११ पैसे. तोटी असलेल्या पिंपांत ते पाण्यात मिसळायचे आणि रुग्णाच्या आईने, भावाने, जो कोणी सोबत असेल त्याने पेल्याने भरून पाजत राहायचे. लोकांचा विश्वास सलाईनवर होता म्हणून नाव ठेवले ‘तोंडाने घ्यायचे सलाईन’. आठ आठवड्यांत तीन हजारांवर रुग्ण आले. मृत्यूचे प्रमाण आधी शेकडा ३० च्या आसपास होते, ते ३.६ वर आले.

मान्यवर नियतकालिकांनी हा अहवाल आधी नाकारला. तो १९७३ मध्ये छापून आला. अडाणी नातेवाईक उपचार करू शकतात, हे वैद्यकाच्या पचनी पडायला वेळ लागला. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ने मात्र या उपायाला शतकातील कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटले, आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने अतिसार नियंत्रणाचा कार्यक्रम हाती घेतला. महालनोबीस २०२२ मध्ये वारले. पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर, २०२३ मध्ये जाहीर झाले.

डॉक्टरांचे मन वळले, आता घरांचे वळवायचे होते. बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० पासून दहा वर्षांत एक कोटीहून अधिक घरी स्त्री-कार्यकर्त्या पाठवल्या. पुड्या वाटण्याऐवजी त्यांनी तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी एवढेच शिकवले. शिक्षकांनी लक्षात घ्यावी अशी गोष्ट पुढे आहे. काही दिवसांनी तपासनीस काही निवडक घरी जाऊन आईला प्रश्न विचारी, आणि तिला जेवढे मुद्दे आठवत त्यावर कार्यकर्तीचे मानधन ठरे! मातांना कृती पाठ झाली, पण आजारपणात त्या ती वापरत नव्हत्या. शोध घेतला तेव्हा कळले की खुद्द कार्यकर्त्यांचाच तिच्यावर विश्वास नव्हता. त्यांना जुलाब झाले की त्या गोळ्या घेत. मग त्यांना द्रावण कसे काम करते ते समजावून, रुग्ण बरे होताना दाखवून आणले. घरातल्या पुरुषांना, बाजारांत, मशिदींत आणि शाळांतही सांगितले गेले. वापर वाढला.

या अविश्वासाचे कारण समजण्यासारखे आहे. जलसंजीवनीने जुलाब थांबत नाहीत. आई पेला पाजते आणि थोड्या वेळाने बाळाला पुन्हा पातळ शौचाला होते. तिला वाटते, सगळे वाया गेले. ते वाया गेलेले नसते. जुलाब बहुधा काही दिवसांत आपोआप थांबतात, तोवर बाळाला तगवणे हेच या पाण्याचे काम. आपल्याकडे आजही ‘डॉक्टर, सलाईन लावाच’ असा आग्रह धरला जातो, तो याच न समजलेल्या मुद्द्यापायी.

जगात पाच वर्षांखालील मुलांचे अतिसाराने होणारे मृत्यू १९८० च्या सुमारास वर्षाला पंचेचाळीस लाखांच्या आसपास असावेत, असा अंदाज होता. आज ते पाच लाखांच्या आत आले आहेत. यात स्वच्छ पाणी, गोवराची लस, रोटाव्हायरसची लस (भारतात २०१६ पासून सार्वत्रिक लसीकरणात) यांचाही वाटा आहे. सारे श्रेय मीठ-साखरेला देणे बरोबर नाही.

वर्गात सांगण्याजोग्या खुणा: तोंड कोरडे पडणे, डोळे खोल जाणे, रडताना अश्रू न येणे, लघवी कमी होणे, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश सपाट होणे. मूल सुस्त झाले, पिऊ शकत नसले किंवा शौचात रक्त दिसले तर दवाखाना गाठायलाच हवा. तेथे सलाईन किंवा औषधे लागतात. एरवी जलसंजीवनी, अंगावरचे दूध, पेज आणि नेहमीचे खाणे चालू ठेवावे. सोबत चौदा दिवस जस्ताच्या गोळ्या देतात. पुडी नसली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ वाढू देऊ नये. द्रावण अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये.

एखादी रिकामी पुडी आणून मुलांना तिच्यावरचे घटक वाचायला लावा. २००२ पासूनच्या सूत्रात लिटरमागे ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. बोनगावच्या पिशवीशी ते ताडून पाहा. साखर आणि मीठ दोन्ही कमी झाले आहेत, कारण सौम्य द्रावणाने उलट्या आणि जुलाब कमी होतात असे पुढे आढळले. सोड्याच्या जागी अधिक टिकाऊ सायट्रेट आले. आणि जुलाबावाटे जाणारे पोटॅशियम बोनगावच्या पिशवीत नव्हते. बांगलादेशातल्या मूठभर गुळात मात्र ते थोडेफार आपोआपच मिळत होते.