प्रेक्षक उठून गेल्यावर

गेल्या गणेशोत्सवात आमच्या वसाहतीतील मंडळाने शिवराज्याभिषेकाचा प्रवेश बसविला होता. त्यात आम्ही भालदार होतो. पाऊण तास भाला धरून निमूट उभे राहणे एवढेच आमचे कर्तव्य होते आणि सरकारी नोकरीतील दीर्घ सवयीमुळे ते आम्ही बिनचूक पार पाडले. पडदा पडल्यावर एका सहकाऱ्याचा आठ वर्षांचा मुलगा आत आला आणि म्हणाला, “काका, बघणाऱ्यांना खेळात केव्हा घेणार?” आम्हांला उत्तर सुचले नाही. पुढे वाचनात असे आढळले की, हाच प्रश्न पाश्चात्त्य देशांतील काही मंडळींनाही पडला होता आणि त्यांना त्याचे उत्तर सापडण्यास जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

त्या उत्तराला आज ‘लार्प’ असे आखूड नाव आहे. माणसे वेष करतात, कल्पित नाव घेतात आणि रानात किंवा एखाद्या वाड्यात जमून एक-दोन दिवस त्या नावाने वावरतात. कोणी योद्धा, कोणी वैद्य, कोणी मांत्रिक. संवाद कोणी लिहून दिलेले नसतात. पंच असतात, नियम असतात. नसतो तो केवळ प्रेक्षक. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल, परंतु आमच्या मते सारे मर्म तीतच आहे.

इतिहासाचे पहिले पान मात्र नेमके उलट आहे. 1838 साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहण समारंभात काटकसर म्हणून शाही मेजवानी आणि चिलखती वीराने घोड्यावरून आव्हान देण्याचा जुना विधी हे दोन्ही वगळण्यात आले. सरदारवर्ग हळहळला. वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ने तरुण मने आधीच भारलेली होती. तेव्हा एग्लिंटनच्या तेराव्या अर्लने ऑगस्ट 1839 मध्ये स्कॉटलंडातील आपल्या गढीवर मध्ययुगीन पद्धतीचे भाल्यांचे द्वंद्व भरविले. सुमारे एक लाख लोक पाहावयास लोटले, आणि त्याच दिवशी मुसळधार पाऊस कोसळला. चिलखत घातलेल्या एका मार्क्विसवर छत्री उघडण्याचा प्रसंग आला, व तेवढे दृश्य व्यंगचित्रकारांना वर्षानुवर्षे पुरले. दोन दिवसांनी आकाश उघडल्यावर खेळ झाला खरा. परंतु हसे व्हावयाचे ते होऊन गेले होते. पैसा अपुरा पडला नव्हता, हौसही खोटी नव्हती. मूठभर सरदारांचे स्वप्न लाखभर लोकांनी चिखलात उभे राहून पाहावे, अशी ती मांडणीच मुळात लंगडी होती.

पुढचा टप्पा अगदी घरगुती आहे. 1 मे 1966 रोजी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे डायना पॅक्सन या विद्यार्थिनीच्या घरामागील अंगणात काही मित्र जुने पोशाख करून जमले, लुटुपुटीच्या तलवारींनी लढले आणि शेवटी विसाव्या शतकाचा निषेध करीत रस्त्याने मिरवत गेले. पुन्हा खेळण्यासाठी एक उद्यान हवे होते. परवानगीच्या अर्जात संस्थेचे नाव लिहिणे आवश्यक होते, आणि संस्था तर नव्हतीच! लेखिका मॅरियन झिमर ब्रॅडली यांनी तिथल्या तिथे एक नाव सुचविले. मराठीत त्यास ‘सर्जनशील कालविपर्यास मंडळ’ म्हणता येईल. अर्जातील रिकाम्या रकान्यातून जन्मलेली ती संस्था आज अनेक देशांत पसरली आहे. आयुष्य रकाने भरण्यात घालविणाऱ्या आम्हां कारकुनांस यापरता दिलासा कोणता? त्या मंडळाचा एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे: येणाऱ्या प्रत्येकाने जुन्या काळच्या वेषाचा निदान प्रयत्न तरी करावा. ज्याच्यापाशी वेष नसेल त्याला तो उसना मिळतो.

परंतु येथवर जे चालले ते इतिहासाचे सोंग होते. अद्भुताची भर अजून पडावयाची होती. ती 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने घातली. मेजाभोवती बसून, फासे टाकून, प्रत्येकाने एका कल्पित वीराचे आयुष्य बोलून दाखवावयाचे. बसून बोलणाऱ्यांना उठून चालावेसे वाटणे ओघानेच आले. 1982 मध्ये इंग्लंडातील चेशायर परगण्यात पेकफर्टन किल्ल्यावर ‘ट्रेझर ट्रॅप’ हा खेळ सुरू झाला. गंमत अशी की, तो किल्ला स्वतःच एक सोंग होता. एग्लिंटनच्या फजितीनंतर अवघ्या काही वर्षांनी, 1844 ते 1850 या काळात, एका धनिकाने तो मध्ययुगीन धाटणीवर हौसेने बांधविला होता. सरदारांच्या हौसेच्या दगडी वास्तूत आता सामान्य माणसे तलवारी घेऊन शिरली. पुढे तेथील खेळ बंद पडला, परंतु 1983 मध्ये डरहॅम विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी त्याच नावाने मंडळ काढून तो जगविला.

या खेळात प्रवेश कसा होतो, हे आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते. तलवार फोमची असते आणि ती इजा करणार नाही ना, हे आधी तपासले जाते. आपल्याला किती घाव सोसता येतील याचा हिशेब ज्याने त्याने प्रामाणिकपणे ठेवावयाचा. ब्रिटिश मंडळांतून नवख्याला पुष्कळदा प्रथम राक्षसाचे काम मिळते. राक्षसाने यावे, लढावे, मरावे आणि वळसा घालून दुसरा राक्षस होऊन पुन्हा मरावे. यात कमीपणा नाही. जुनी मंडळीही आळीपाळीने हेच करतात. दुसऱ्याच्या पराक्रमासाठी मरावयास शिकला, की त्याला स्वतःचा वीर उभा करता येतो.

परमुलखात नोकरी करणाऱ्या आपणां मराठी माणसांची मंडळे का ओस पडतात, याची चर्चा दरवर्षीच्या सभेत होते. मुले येत नाहीत, अशी तक्रार असते. आम्हीही ती केली आहे. आता वाटते, मुले येत होती. आम्हीच त्यांना खुर्च्यांवर बसविले. एग्लिंटनच्या अर्लची चूक आम्ही छोट्या प्रमाणावर गिरवीत होतो, इतकेच.

यंदाच्या कार्यकारिणीपुढे आम्ही एक लेखी सूचना ठेवली आहे: प्रवेशात मावळ्यांची संख्या ठरवू नये, येईल त्या मुलाला मुंडासे बांधावे. सूचना विचाराधीन आहे. भाला मात्र आम्ही त्या मुलाला आताच देऊन टाकला आहे.